सप्टेंबरच्या बिलाआधी: फीचं क्रेडिट कार्ड ठेवायचं की बंद करायचं?

प्रश्न जिंतूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शिक्षकांचा आहे. त्यांच्याकडे दोन क्रेडिट कार्डं आहेत. पहिलं तीन वर्षांपूर्वी पगाराच्या खात्यावर मिळालं. त्याचं लिमिट १,२०,००० आणि वार्षिक फी ४९९ रुपये अधिक जीएसटी. वर्षभरात १ लाखाचा खर्च झाला तर फी माफ. गेल्या सप्टेंबरच्या बिलात ही फी लागली. दुसरं कार्ड गेल्या वर्षीचं, आजीवन मोफत, लिमिट ६०,०००. पहिल्या कार्डावर सप्टेंबरपासून आज जूनच्या मध्यापर्यंत साधारण ५२ हजार खर्च झाला आहे. मोबाइलचे दोन हप्ते बाकी आहेत. मुलीला अकरावीसाठी लातूरला क्लास लावायचा आहे, त्याचे ४५ हजार भरायचे आहेत. पुढच्या उन्हाळ्यात परभणीत घरासाठी कर्ज काढायचं आहे. कार्ड बंद करू का, केव्हा करू, आणि सिबिल (कर्ज आणि बिलं फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा गुणांक) पडेल का, असं ते विचारतात.

सर, तुमचा निर्णय क्लासच्या फीवर अडला आहे. ती कार्ड वापरल्याबद्दलचा वरचा आकार न देता थेट कार्डावर भरता आली आणि बिल आलं की पूर्ण फेडता आलं, तर कार्ड आणखी एक वर्ष ठेवा. वरचा आकार मागितला तर फी दुसऱ्या मार्गानं भरा, शेवटचा हप्ता जाऊ द्या आणि ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरचं बिल निघायच्या आत, कार्ड बंद करा. सिबिलला धक्का बसेल तो कार्ड बंद केल्यामुळे कमी आणि उरलेल्या कार्डाच्या लहान लिमिटमुळे जास्त. त्याचा बंदोबस्त करता येतो.

आता हिशेब. ४९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ८९ रुपये ८२ पैसे, एकूण ५८९ धरा. कार्डाचं उत्पन्न किती? १०० रुपयांना १ पॉइंट आणि पॉइंटचे २५ पैसे असा दर असेल, तर ६० हजारांच्या खर्चावर ६०० पॉइंट, म्हणजे १५० रुपये. तुमच्या कार्डाचा नेमका दर ॲपमध्ये मिळेल, पण कमी फीच्या साध्या कार्डांवर चित्र फार वेगळं निघत नाही. ५८९ देऊन १५० मिळवायचे, हा व्यवहार आडतीवर कुणी केला तर लोक हसतील.

तरीही हा हिशेब अर्धाच आहे, आणि बहुतेक लोक इथंच थांबतात. खरी तुलना कार्डाची शून्याशी करायची नसते, तुमच्याकडच्या मोफत कार्डाशी करायची असते. तोच ६० हजारांचा खर्च मोफत कार्डावर केला असता तर काय मिळालं असतं? तिथंही १५० मिळणार असतील तर फीच्या कार्डाची जादा कमाई शून्य आहे. उलट उदाहरण घ्या. ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के परत देणारं, ९९९ रुपये फीचं कार्ड आहे. जीएसटी धरून फी १,१७९. तुमचं मोफत कार्ड १ टक्का देत असेल तर फरक ४ टक्क्यांचा. १,१७९ भागिले ४ टक्के म्हणजे साधारण २९,५००. वर्षात एवढी ऑनलाइन खरेदी तुम्ही एरवीही करत असाल तर ते कार्ड फी भरून ठेवण्यासारखं आहे, खर्चमाफीची अट पूर्ण होवो न होवो. फी आहे म्हणून कार्ड वाईट, असं समीकरण धरू नका.

फायद्यांच्या यादीतून जे तुम्ही खरोखर वापरलं तेवढंच मोजा. विमानतळावरच्या लाउंजची कागदावर किंमत मोठी दिसते, पण चिकलठाण्याहून किंवा नांदेडहून वर्षा-दोन वर्षांत एकदा विमान धरणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. शिवाय आता बऱ्याच बँकांनी लाउंजसाठी आदल्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली आहे. फीच्या बदल्यात मिळणारं ५०० रुपयांचं व्हाउचर ५०० रुपयांचं तेव्हाच, जेव्हा त्या दुकानात तुम्ही एरवीही गेला असता. नाहीतर ते २०० रुपयांचंही नाही. पेट्रोलवरच्या १ टक्का अधिभारमाफीचं तर गौडबंगालच आहे: हा अधिभार कार्ड घासल्यामुळेच लागतो, यूपीआयनं किंवा रोखीनं भरलं तर लागतच नाही. मग तो माफ झाला यात कमाई कसली? त्यातही माफी ठरावीक रकमेच्या व्यवहारांनाच असते आणि अधिभारावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही. विशिष्ट कंपनीच्या पंपावर जादा पॉइंट देणारी कार्डं वेगळी. तिथं प्रश्न एवढाच की त्या कंपनीचा पंप तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे का.

आता फीमाफीची अट. तुम्हाला ४८ हजार कमी पडतात. क्लासची ४५ हजार फी आणि पुढच्या अडीच महिन्यांचा नेहमीचा खर्च मिळून १ लाख सहज ओलांडेल. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा.

पहिली, क्लास कार्डासाठी वर काही घेतो का? अनेक ठिकाणी मशीनवर कार्ड घासलं की २ टक्के जास्तीचे मागतात. ४५ हजारांवर ते ९०० होतात. ५८९ वाचवायला ९०० घालवायचे, हा उद्योग करू नका. मध्ये एखादं पैसे भरायचं ॲप असेल तर तपासणी आणखी कडक ठेवा, कारण अशा ॲपमधून शिक्षणाची फी भरली तर काही बँका स्वतःच १ टक्का शुल्क लावतात. संस्थेच्या मशीनवर किंवा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरणं त्यातल्या त्यात बरं.

दुसरी, हा खर्च माफीच्या अटीत धरला जातो का? घरभाडं, वॉलेटमध्ये टाकलेले पैसे, एटीएममधून काढलेली रोकड, इंधन, कधी वीजबिल, विमा किंवा सरकारी भरणा, असे प्रकार बँका त्या बेरजेतून वगळतात. प्रत्येक बँकेची यादी वेगळी आणि ती बदलतही राहते. कार्डाच्या अटींचा एक ठरलेला दस्तऐवज असतो, त्याला बँकवाले ‘एमआयटीसी’ म्हणतात. तो बँकेच्या संकेतस्थळावरून आजच्या तारखेचा उतरवून घ्या. तीन वर्षांपूर्वी कार्डासोबत आलेला कागद चालणार नाही. ग्राहक सेवेला फोन केलात तर “माझा फीमाफीसाठी धरलेला खर्च आजपर्यंत किती?” असा थेट प्रश्न विचारा. हा आकडा त्यांच्या पडद्यावर असतो आणि तुमच्या बेरजेपेक्षा तो बहुधा कमीच निघतो. परत केलेल्या वस्तूंचे पैसेही त्यातून वजा होतात.

तिसरी, ४५ हजारांचं बिल तुम्ही एकरकमी फेडणार का? फेडणार नसाल तर विषय संपला. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ४५ हजारांवर १,५७५ रुपये, त्यावर जीएसटी २८३, म्हणजे एका महिन्याचे १,८५८. तीन वर्षांची फी एका महिन्यात गेली. शिवाय बिल थकीत असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, ते व्याज वेगळं.

अट पूर्ण करण्यासाठी नातेवाइकांची, दुकानदार मित्राची खरेदी आपल्या कार्डावर करून त्यांच्याकडून रोख घेण्याची युक्ती गावोगाव चालते. करू नका. एका आर्थिक वर्षात कार्डाच्या बिलापोटी १ लाख किंवा जास्त रोखीनं, अथवा १० लाख किंवा जास्त इतर मार्गानं भरले तर बँक ते आयकर खात्याला कळवते. समोरच्यानं वेळेवर पैसे दिले नाहीत तर थकबाकीदार तुम्ही ठरता, तो नाही.

पुढचा मुद्दा तारखेचा, आणि इथं घोळ फार होतो. कार्डाचं वर्ष मार्चअखेरीस संपत नाही, डिसेंबरअखेरीसही नाही. ते कार्ड दिल्याच्या महिन्यापासून मोजतात. कार्डावर छापलेल्या ‘मेंबर सिन्स’वरही विसंबू नका, मधे कार्ड बदलून मिळालं असेल तर फीचं चक्र वेगळं असू शकतं. खात्रीची जागा एकच: मागच्या वर्षीचं बिल. त्यात वार्षिक फीची ओळ आणि तिच्याखाली जीएसटीची ओळ ज्या तारखेला आहे, ती तुमची तारीख. त्या तारखेच्या आदल्या दिवशीची खरेदी धरली जाईल या भरवशावर राहू नका. व्यवहार खात्यात पक्का व्हायला दोन-तीन दिवस लागतात. आठवडाभर आधी अट पूर्ण झालेली बरी.

बंद करण्याची योग्य खिडकी म्हणजे या तारखेआधीचे ४५ ते १५ दिवस. त्याहून आधी बंद केलं तर भरलेल्या फीतले महिने वाया जातात, कारण उरलेल्या महिन्यांची फी बँका सहसा परत देत नाहीत. त्याहून उशीर केला तर विनंती अडकून पडेपर्यंत नवी फी लागते. तुमच्या बाबतीत ही खिडकी जुलैच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतची आहे. सप्टेंबरमधली नेमकी तारीख बिलात पाहून ती दोन-चार दिवस मागेपुढे करा.

फी लागून गेली असेल तर? बिल आल्याबरोबर फोन करा आणि फी परत मागा, अन्यथा कार्ड बंद करायचं आहे असं सांगा. बहुतेक वेळा फोन ग्राहक टिकवणाऱ्या विभागाकडे जातो आणि तिथं सौदा सुरू होतो. “पूर्ण फी जीएसटीसकट परत”, “९० दिवसांत अमुक खर्च केला तर परत”, “फीऐवजी पॉइंट”, अशी तीन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं घ्या. दुसऱ्यातला खर्च तुम्ही एरवी करणार असाल तरच घ्या. तिसऱ्याला पॉइंटची रुपयातली किंमत विचारा, बहुधा बोलणं तिथंच संपतं. जे ठरेल त्याचा एसएमएस किंवा मेल मागा. मात्र फी परत मिळणं हा तुमचा हक्क नाही, बँकेची मर्जी आहे. भरण्याची शेवटची तारीख येईपर्यंत फी परत जमा झाली नसेल तर भरून टाका. ५८९ च्या भांडणात उशिराचा दंड, व्याज आणि सिबिलवर थकल्याचा शेरा ओढवून घेणारे बरेच असतात.

सिबिलबद्दल. अहवालात तीन-चार गोष्टी बघितल्या जातात, पण तुमच्यापुरती महत्त्वाची एकच: एकूण लिमिटपैकी वापर किती. दोन्ही कार्डांवर मिळून तुम्ही महिन्याला १८ हजार वापरता असं धरू. आज लिमिट १,८०,०००, म्हणजे वापर १० टक्के. पहिलं कार्ड गेलं की तेच १८ हजार ६० हजारांवर मोजले जातील, म्हणजे ३० टक्के. तुमची सवय तीच, उत्पन्न तेच, पण कागदावर तुम्ही तिप्पट उसनवारीवर जगणारे दिसता. आणि एखाद्या महिन्यात ४५ हजारांची क्लास फी त्या लहान कार्डावर गेली तर वापर ७५ टक्के. गृहकर्जाच्या तोंडावर हा आकडा बरा नव्हे.

उपाय दोन. कार्ड बंद करण्याआधी मोफत कार्डाचं लिमिट वाढवून घ्या. ॲपमध्ये बँकेनं स्वतःहून देऊ केलेली वाढ असेल तर ती स्वीकारा, नसेल तर पगाराच्या पावत्या देऊन मागा. ६० हजारांचे १ लाख झाले तरी काम भागतं. दुसरा उपाय, मोठा खर्च झाला की बिल निघण्याची वाट न पाहता बिलाच्या तारखेआधीच बरेचसे पैसे भरून टाका. अहवालात बहुधा बिलातली बाकी जाते. जानेवारी २०२५ पासून बँकांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

“जुनं कार्ड बंद केलं की जुना इतिहास पुसला जातो” ही समजूत खरी नाही. बंद खातं अहवालात ‘क्लोज्ड’ म्हणून दिसत राहतं आणि वेळेवर भरलेल्या बिलांच्या नोंदीही त्यासोबत राहतात. तरीही ज्याच्याकडे एकच कार्ड आहे आणि दुसरं कोणतंही कर्ज नाही, त्यानं ते बंद करण्याआधी एखादं आजीवन मोफत कार्ड घेऊन सहा महिने नीट वापरावं. सगळ्यात वाईट शेरा ‘सेटल्ड’. थकलेल्या बाकीत तडजोड करून “एवढे भरा, मिटवून टाकू” असं वसुलीवाला म्हणतो तेव्हा अहवालात तोच शेरा बसतो, आणि पुढचा कर्ज देणारा तो आधी वाचतो.

गृहकर्जाचा अर्ज तीन-चार महिन्यांवर आला असेल तर कोणतंच कार्ड बंद करू नये, नवं घेऊही नये. तुमचा अर्ज एप्रिल-मे मध्ये आहे. ऑगस्टअखेर कार्ड बंद झालं तर मध्ये सात-आठ महिने मिळतात, तेवढे पुरेसे आहेत. आणि फी माफ करून घेऊन कार्ड ठेवलंत, तर पुढचा सप्टेंबर येईपर्यंत गृहकर्ज हातात पडलेलं असेल. मग निवांत बंद करा. मला यातला दुसरा रस्ता अधिक आवडतो, पण क्लासनं वर पैसे मागितले नाहीत तरच.

एक मधली वाटही विचारून पाहा: तेच खातं फी नसलेल्या प्रकारच्या कार्डात बदलून मिळेल का. मिळालं तर लिमिटही राहतं. फक्त ‘आजीवन मोफत’ हे शब्द लेखी घ्या. ‘पहिल्या वर्षी मोफत’ ही वेगळी गोष्ट आहे. आणि बँकेनं मधेच शुल्क वाढवलं तर तिला किमान एक महिना आधी सूचना द्यावी लागते. ते मान्य नसेल तर बाकी भरून, बंद करण्याचा वेगळा आकार न देता कार्ड परत करता येतं. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो.

बंद करायचं ठरलं की क्रम पाळा, कारण बहुतेक विनंत्या क्रम चुकल्यामुळेच अडतात.

सुरुवात पॉइंटपासून. कार्ड बंद झालं की पॉइंट जातात. काही बँका पॉइंट वठवण्यासाठी ९९ रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ११७ रुपये घेतात. तुमचे १५० रुपयांचे पॉइंट असतील तर हातात ३३ राहतील. वस्तू मागवण्यापेक्षा बिलात वळते करून घेता आले तर तसं करा.

मग हप्ते. मोबाइलचे दोन हप्ते बाकी असताना विनंती केली तर राहिलेलं मुद्दल एकदम मागतील आणि मुदतीआधी बंद केल्याचं शुल्क लावतील. ते साधारण ३ टक्के आणि वर जीएसटी असतं. दोन हप्त्यांसाठी घाई नको. जुलै आणि ऑगस्टच्या बिलात ते जाऊ द्या. तुमची खिडकी ऑगस्टअखेरीला सरकते ती यामुळेच.

तिसरं, आपोआप कापले जाणारे पैसे. मोबाइलचं बिल, विम्याचा हप्ता, महावितरणचं बिल, फास्टॅगचा रिचार्ज, टीव्हीवरच्या वाहिन्यांची वर्गणी, यातलं काय या कार्डाला जोडलं आहे ते मागच्या बारा बिलांत शोधा. बाराच, कारण वर्षातून एकदा कापली जाणारी वर्गणी तीन महिन्यांच्या बिलात दिसत नाही. विम्याचा हप्ता चुकला तर नुकसान फीच्या कितीतरी पट. कार्ड रुपेचं असेल आणि यूपीआयला जोडलं असेल तर तेही काढा, आणि किराणा-कृषी सेवा केंद्रातल्या क्यूआरवर तुम्ही त्याच कार्डानं पैसे देत असाल तर आधी दुसरी सोय करा. कार्ड संरक्षणाची एखादी योजना नकळत चालू असेल तर तीही इथंच सापडेल.

चौथं, येणं. परत केलेल्या वस्तूचे पैसे, रद्द तिकिटाचे पैसे, पुढच्या महिन्यात जमा होणारा कॅशबॅक, हे सगळं येऊ द्या. बंद झालेल्या कार्डावर आलेला परतावा मिळतो, पण त्यासाठी बँकेच्या मागे लागावं लागतं.

आणि पाचवं, बाकी खरोखर शून्य करणं. बिलातली रक्कम भरली म्हणजे शून्य झाली असं नाही. बिलानंतर केलेली खरेदी बाकी असते. मागे कधी बिल अर्धवट भरलं असेल तर भरण्याच्या दिवसापर्यंतचं व्याज पुढच्या बिलात येतं. लोक नेमके याच शेपटाला अडखळतात: बिल पूर्ण भरलं, बंद करायला सांगितलं, आणि महिन्यानं ६२ रुपयांच्या बाकीसाठी विनंती फेटाळल्याचा मेल आला. म्हणून कार्ड वापरणं थांबवा, एक पूर्ण शून्याचं बिल येऊ द्या, मग अर्ज करा. तेवढा वेळ नसेल तर ग्राहक सेवेकडून आजच्या तारखेची बंद करण्याची एकूण रक्कम विचारून तेवढीच भरा. चुकून जास्त भरलंत तर काळजी नाही. कार्ड बंद झाल्यावर जादा रक्कम तुमच्या बँक खात्यात वळती करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. कार्ड मुदत ठेवीवर घेतलेलं असेल तर ठेवीवरचा बोजा उतरवल्याचंही लेखी घ्या.

गेल्या दोन वर्षांची बिलं उतरवून ठेवा. कार्ड बंद झालं की ॲपमधली खिडकीही बंद होते.

आता विनंती. तालुक्याच्या शाखेत जाऊन साहेबांना सांगणं हा आपल्याकडचा पहिला विचार असतो, पण कार्डाचं काम बहुधा शाखेच्या हातात नसतं. स्टेट बँकेचं कार्ड तर एसबीआय कार्ड या वेगळ्या कंपनीचं आहे. म्हणून ॲप, नेट बँकिंग, संकेतस्थळावरचा दुवा, हेल्पलाइन किंवा त्यासाठीचा मेल यातलं काही वापरा. टपालानंच अर्ज पाठवा असा आग्रह बँकेला धरता येत नाही. फोन केला तरी मागोमाग मेल टाका. मजकूर एवढा पुरे:

“माझ्या नावावरील, शेवटचे चार अंक अमुक असलेले क्रेडिट कार्ड कायमचे बंद करावे. सर्व बाकी भरलेली आहे, कोणताही हप्ता शिल्लक नाही. पुरवणी कार्डेही बंद करावीत. कार्ड बंद केल्याचे आणि बाकी नसल्याचे पत्र मेलवर पाठवावे. विनंतीचा क्रमांक कळवावा.”

पूर्ण कार्ड क्रमांक, सीव्हीव्ही किंवा पिन मेलमध्ये लिहू नका. फोन कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच करा. शोधयंत्रात सापडलेल्या “कस्टमर केअर” क्रमांकांत भामट्यांचे पुष्कळ असतात. “कार्ड बंद करायचं आहे ना, ही फाइल टाकून घ्या” म्हणत व्हॉट्सॲपवर एपीके पाठवणारा हमखास चोर.

रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्डांविषयीच्या निर्देशांत ही सगळी बाजू स्पष्ट केली आहे. बाकी नसेल तर विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची, कार्ड बंद झाल्याचं मेल-एसएमएसनं लगेच कळवायचं. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे. हे पैसे मागितल्याशिवाय क्वचितच येतात. आठव्या कामकाजाच्या दिवशी विनंती क्रमांक आणि तारीख लिहून तक्रार करा, रक्कमही लिहा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती मोफत आहे, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बंद झाल्याचा मेल आल्यावर कार्ड चिप आणि काळ्या पट्टीवरून कापा. त्याआधी नाही. आपल्याकडे उलटं घडतं: कार्ड कापून चुलीत टाकलं म्हणजे बंद झालं, असा समज आहे. कार्ड कपाटात पडून असतं, मोबाइल नंबर बदललेला असतो, फी लागत राहते, फीवर दंड चढतो, आणि तीन वर्षांनी ट्रॅक्टरच्या कर्जासाठी बँकेत गेल्यावर कळतं की ४९९ ची बाकी काही हजारांवर गेली आहे. वर्षभर न वापरलेलं कार्ड बँकेनं कळवून, ३० दिवसांत उत्तर न आल्यास बंद करावं असा नियम आहे, पण तिथंही ‘बाकी भरलेली असल्यास’ ही अट आहे. फी लागलेली असेल तर ती बाकीच.

कार्ड बंद झाल्यावर बँकेला पतमाहिती कंपन्यांकडे तीस दिवसांत नोंद करावी लागते. म्हणून साधारण दीड महिन्यानं अहवाल काढा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यात तीन गोष्टी बघा: खातं ‘क्लोज्ड’ आहे, बंद झाल्याची तारीख आहे, बाकी शून्य आहे. काही चुकीचं असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. तुम्ही ऑगस्टअखेर कार्ड बंद केलंत तर हा अहवाल ऑक्टोबरच्या मध्यावर काढा. घराच्या अर्जाआधी चूक दुरुस्त करायला तेवढा अवकाश लागेल.

आज मात्र पहिलं काम एकच. लातूरच्या क्लासला फोन लावून विचारा, कार्डावर भरलं तर वर काही घेता का?